बारावीच्या चिनी परीक्षेतून चिबेसाचं नाव खोडल्याबद्दल

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण अधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय,
तांबेपट्टा, झांबिया.

विषय : चिनी भाषेच्या बारावीच्या परीक्षेच्या यादीतून खोडलेलं माझ्या नातीचं नाव शुक्रवारच्या आत परत घालण्याबाबत.
संदर्भ : सदर परीक्षेबद्दल शिक्षकांची मतं मागवणारा आपला कागद.

महोदय,

कासोन्तेला माध्यमिक शाळेतले चिनीचे शिक्षक श्री. कटोंगो यांची वागणूक शिक्षकाला शोभणारी नाही, असे मी, बाजारात वाळकी मासळी विकणारी एक्झिल्डा साम्पा, या अर्जाने कळविते. माझी शाळा चौथीपर्यंत. अर्ज कुणाकडून लिहून घेतलेला नाही. चुका असतील त्या माझ्या, बाकी सगळं खरं आहे.

१. आपण चिनीच्या सगळ्या शिक्षकांना विचारलंत, बारावीच्या परीक्षेबद्दल तुमचं मत काय. पलीकडच्या शाळेतल्या चानशी बाईंनी लिहिलं, पाच पोरांत एक पुस्तक, ती अक्षरं गिरवायला वेळ पुरत नाही, आणि पेपर काढणारा शहरातल्या शाळांकडे बघून काढतो. बाईंशी माझं पटत नाही, पण हे बरोबर आहे. कटोंगो सरांनी आपलं मत पालकसभेत उभं राहून वाचून दाखवलं : "ही परीक्षा निवडक मुलांसाठीच असावी. बाजारात उचललेली चिनी म्हणजे चिनी नव्हे." आणि माझ्याकडे बघून हसले.

२. मत देऊन थांबले असते तर मी गप्प बसले असते. त्यांनी एकोणीसपैकी तेरा नावं खोडली. त्यात माझी चिबेसा. विचारलं तर म्हणतात, "आजी, बोलते छान, पण लिहिताना अडते. शाळेच्या निकालाचा टक्का पडेल."

३. शाळेला बाकं देणारे चिनी पाहुणे आले, तेव्हा हीच पोर कशी चालली? पाहुण्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सरांनी लगेच चिबेसाला पुढं ढकललं. ती लहानपणापासून माझ्या टपरीवर चिनी गिऱ्हाइकांशी भाव करते, तिनं पाहुण्यांना हसवून सोडलं. फोटोत मात्र मधोमध सर. पोरगी कडेला, अर्धी कापलेली.

४. खाणीच्या दवाखान्यात दुभाष्याची जागा आहे. चिनी विषयात पास असा कागद नसेल तर दारातूनच परतवून लावतात. मासळी विकण्यात कमीपणा नाही, तिच्यावर मी पाच पोरं वाढवली. पण ते माझं मी ठरवलं. चिबेसाचं कटोंगोंनी ठरवायचं नाही.

५. आता आपल्याबद्दल. राग मानू नये, मानला तरी चालेल. गेल्या वर्षी आपणच साऱ्या मास्तरांसमोर कटोंगोंना विचारलंत, "टक्का कुठं गेला?" तेव्हापासून हा माणूस टक्का वाढवायला पोरं कमी करतोय. मक्याच्या पिठाची न्शिमा पुरत नाही म्हणून कुठली आई निम्मी पोरं घराबाहेर काढते, आणि वर सांगते, बघा, माझ्या घरी सगळे पोटभर जेवतात?

सबब तेराही नावं परत घालावीत. नाही घातलीत तर शुक्रवारी सकाळी तेरा घरच्या बायका आपल्या दारात बसतील. मी माझी मासळी घेऊन येईन. पावसात भिजली की तिला काय वास सुटतो, ते आपल्या कारकुनांनाही कळेल.

कुणापुढं न वाकणारी, तरी रीतीप्रमाणे आपली नम्र,
एक्झिल्डा साम्पा
१८ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) वरील फोटो. २) चिबेसाची चिनीची वही, पानाच्या दोन्ही बाजूंनी भरलेली.

ता.क. : शाळेच्या शिक्क्याशिवाय अर्ज घेत नाही, असं आपला कारकून म्हणाला. मुख्याध्यापक रजेवर आहेत, शिक्का कटोंगोंकडे. म्हणून मी हा कागद त्यांच्याच पुढ्यात ठेवला. वाचून घाम पुसत म्हणाले, "आजी, हे पाठवू नका हो. पोरं नापास झाली तर माझी बदली होईल." खिडकीत सगळा वर्ग गोळा झाला होता. शिक्का तिरका उमटलाय. तो उमटण्याआधी मी सगळ्यांसमोर म्हणाले ते असं : "कटोंगो, नापास झालेलं पोर पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. तू तर त्यांना बसायच्या आधीच उठवलंस. पोरं भ्याली नाहीत, तू भ्यालास. मास्तर म्हणून तू नापास आहेस, आणि हा निकाल लावायला मला चिनी यावी लागत नाही. मार शिक्का."