लाल सुताचा आठवडा

ताई,

कारखान्यात सूत लाल रंगवायला आलं की मी अजून रजा टाकते.

त्या आठवड्यात तुझं अंग डोक्यापासून पायापर्यंत लाल झालं, तेव्हा मी हसले होते, "टोमॅटो झालीस की गं!" रंगच लागलाय, असं धरून चालले. उकळत्या हौदापाशीही तू कुडकुडायचीस, अंग मात्र तापलेलं. सकाळी अंथरुणात अंगाचा ओंजळभर कोंडा पडलेला असायचा.

तू गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "सगळ्या कातडीचा दाह होता. दोन दिवस आधी आणायचं."

ते दोन दिवस मी तुला न्हाणीत बसवून काथ्याने घासत होते.

"हळू गं, आग होतेय."

तुझी सालं निघत होती आणि मी म्हणत होते, "सोस जरा, निघतोय बघ रंग."

तुझी धाकटी