वर आले ते कोण

११ जानेवारी, रविवार

पोहोचलो एकदाचे! लातूरहून हैदराबादपर्यंत गाडी, पुढे विमान, मग बोट, आणि बोटीतून उतरल्यावर मांडीवर बॅगा घेऊन रिक्षा. पण खोलीचं दार उघडलं आणि सगळा शीण गेला. समोर अंदमानचा समुद्र. निळा म्हणावा तर हिरवा दिसतो, हिरवा म्हणावा तर पुन्हा निळा. हे दारातच थांबले. म्हणाले, "मंजू, एवढं पाणी हाय इथं, आन् आपण नळाला पाणी आलं म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठून पळायचो!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून वीरेशनं, आमच्या मुलानं, ही सहल करून दिली. सोबत पाण्याखाली उतरायचं शिक्षणही. सून अक्षरा म्हणाली, मम्मी, तुम्ही वरून फक्त फोटो काढा. त्याच क्षणी मी ठरवलं, आपणही उतरायचं.

हैदराबादला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर बर्नाडेट झोपण्याआधी आमच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या. सिस्टर गेल्या, त्यांच्या साबणाचा वास आणि ही सवय राहिली.

यांची सवय त्याहून जुनी. आल्या आल्या अंघोळ, कपाळाला विभूतीच्या तीन रेघा, मग गळ्यातल्या चौक्यातून, म्हणजे चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर पूजा. ती झाल्यावरच पाण्याचा घोट, आणि लिंग अंगावर नसेल तर थेंबही नाही. डाळ मिलची गडबड असो, आगगाडी असो, दवाखाना असो, कधी चुकलं नाही. मी माझं लिंग देवघरात ठेवते. यांच्या गळ्यातला चौका मात्र उतरलेला मी एकदाही पाहिलेला नाही.

१२ जानेवारी, सोमवार

शिकवणारा निघाला मुदखेडचा! सोमेश नाव, पस्तिशीचा, पोट जरा सुटलेलं. आमचं बोलणं ऐकून लांबूनच ओरडला, "काकू, लातूर का उदगीर?" पोहायला नांदेडला मामाकडं, गोदावरीत शिकला म्हणे. "इथं आलो तं पहिले दोन म्हैने मासेच वळखू येईनात. सगळ्याइला मी रोहूच म्हणायलो."

कमरेइतक्या पाण्यात धडे झाले. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी, कमरेला शिशाची वजनं. पहिला नियम, श्वास कधी कोंडायचा नाही. आणि खाली बोलणं नाही, सगळं हातानं. बोट आणि अंगठ्याचं कडं म्हणजे ठीक आहे. "आन् आंगठा वर केला म्हंजे झकास न्हाई बरं का, वर चला. एका काकाला मासे लई आवडले, त्यायनं खूश होऊन आंगठा दावला. मी धरून वर आणलं. दिवसभर रुसले ना!"

हे म्हणाले, "आमच्याकडं आंगठा फक्त कागदावर लावतेत बाबा."

पाण्यात डोकं गेलं की आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. लहानपणी तापात यायचा तसा. मी घाबरले, तेव्हा यांनी हात धरला. यांचा हात उबदार होता. या वयात कुणी असा हात धरला की जरा लाजल्यासारखं होतं.

१३ जानेवारी, मंगळवार

माझा कान दुखत होता म्हणून आज फक्त हे खोल पाण्यात गेले. मी नावेत.

उतरण्याआधी जरा घोळ झाला. छातीवरचा पट्टा चौक्यावर बसेना. सोमेशनं दोनदा आवळून पाहिला. म्हणाला, हा ढिला राहिला तर नळकांडं पाठीवर हलतंय. "काका, तेवढं काकूपाशी द्या. धा मिनिटांचं तर काम हाय."

हे बराच वेळ नाही म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. मी हात पुढे केला. यांनी चौका काढून माझ्या तळहातावर ठेवला. छातीची ऊब त्याला होती.

वर आले तेव्हा सोमेश आधी दिसला, हे नंतर. सोमेश सांगत होता, मोठ्या खडकामागं काका जरासे दिसेनासे झाले होते, मासा बघत थांबले असतील.

हे नावेत चढले. कुणीतरी शहाळं दिलं. यांनी ते सगळं पिऊन टाकलं. मी चौका हातात धरून समोर उभी होते. यांनी तिकडं बघितलंही नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. घरून आणलेला तिळगूळ दिला. खाल्ला. अंघोळ नाही, विभूती नाही, पूजा नाही. लिंग माझ्या रेशमी रुमालावर तसंच आहे. मी उचलून समोर धरलं तर हे दोन पावलं मागे सरले. भिंतीला टेकेपर्यंत.

दमले असतील. पाण्याचा दाब डोक्याला चढत असेल. वाचलं होतं कुठंतरी.

वीरेशचा फोन आला. हे म्हणाले, "बरं आहे." जन्मभर 'बरं हाय' म्हणणारा माणूस. पुण्याच्या व्याह्यांसमोरसुद्धा कधी 'आहे' म्हणाला नाही.

सहज विचारल्यासारखं करून मी विचारलं, मला बघायला आला होतात तेव्हा पहिलं काय बोललात? यांनी उत्तर दिलं. बरोबर दिलं. "ज्वारीची भाकर येते का, का नुस्तं इंग्लिश?" पण फार उशिरा. जणू आधी कुणाला तरी विचारून आले.

१५ जानेवारी, गुरुवार

पडदे ओढलेले. समुद्राकडं पाठ करून बसतो. जेवतो, पण घास खाली जाताना दिसत नाही. मी बोलले की ओठांकडं बघत राहतो.

कान बरा झाला, आज मी उतरते म्हणाले, तर मनगट धरलं. हात गार. चाळीस वर्षांत हा हात कधी गार नव्हता. "उतरू नको," एवढंच. का? विचारलं, तर माझा पाण्यातला पोशाख त्यानं पलंगाखाली ढकलला आणि वर बसून राहिला.

खाली काय आहे, जे मी बघू नये असं याला वाटतं?

वर बघते तर मी 'तो' लिहिलं आहे. खोडत नाही.

मग एक विचार आला आणि तो जात नाही. हे लिंगाशिवाय पाणी पीत नाहीत. लिंग माझ्याकडं आहे. म्हणजे हे जिथं असतील तिथं तहानलेले असतील. आणि हा इथं बसून शहाळी पितो आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

तो न्हाणीत गेला तशी निघाले. सोमेशला सांगितलं, काका झोपलेत. पोशाख त्याच्याकडचाच घातला. रुमालावरचं लिंग चौक्यात घालून चौका आत, छातीशी लपवला. माझा पट्टा नीट बसला. सोमेश म्हणाला, "काकू, काकाहून तुम्हीच हुशार." मला हसू आलं नाही.

१६, नंतर, खोलीत

लगेच लिहिते. लिहिलं तर खरं राहील.

खडकामागं हे बसले होते.

मांडी घालून, वाळूवर. डोळ्यांवर काच नाही, तोंडात नळी नाही, बुडबुडे नाहीत. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, पांढऱ्या, कोरड्या. पाण्यात कोरड्या — तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. मला वाटलं, ओळख पटली. डावा तळहात पुढे पसरलेला, पूजेत असतो तसा.

मी चौका त्यावर ठेवला.

हसले. मग अंगठा वर केला. वर चला.

सोमेशनं मला दंडाला धरून ओढलं. नावेत तो माझ्याकडं विचित्र बघत होता. "काकू, कुणाला देत होता तुम्ही? तिथं कुणीच नव्हतं."

नसू दे. त्याला दिसायचं कारण नाही. माझा माणूस मला दिसला. आता हे येतील.

हा खोलीत पलंगावर बसला आहे. मी कुठं गेले होते, विचारत नाही. माझ्या ओल्या केसांकडं बघतो आहे.

१६, दुपार

दारावर थाप.

"मंजू, दार उघड. लई गारठलो बघ."

यांचा आवाज. अगदी यांचा. 'बघ' म्हणताना आवाज जरा खाली येतो, तसाच. मी उठले, आणि हा माझ्याआधी उठला. दाराला पाठ लावून उभा राहिला. तीन दिवसांत पहिल्यांदा रडला.

"उघडू नको, मंजू. ते मी न्हाई."

सगळं बोलला. एका दमात. खडकामागं त्याचंच तोंड त्याला दिसलं. त्या तोंडानं हात पसरून लिंग मागितलं. गळ्यात नव्हतं म्हणून सोडून दिलं. म्हणून तो वर आल्यावर लिंगाला हात लावत नव्हता. ते लिंगाचा माग घेत वर येईल म्हणून. "सांगितलं असतं तर तू मला येडा म्हणाली असतीस. बोलाय गेलो की तिकडून कुणीतरी आधी बोलल्यागत वाटायचं. म्हणून तुला खाली —"

"मंजू, पडलीस का झोपी? उघड की गं." बाहेरून.

"ऐकू नको." आतून.

दोन्ही आवाज एकच. कोणता आधी ऐकला तेही आता —

दाराखालून पाणी येतं आहे. खारट वास.

त्यानं विचारलं, "लिंग कुठं हाय, मंजू? रुमालात हाय ना?"

तो माझ्या तोंडाकडं बघतो आहे. रिकाम्या रुमालाकडं. पुन्हा माझ्याकडं.

कळलं त्याला.

बाहेरची थाप थांबली. तिकडं कुणीतरी हसतं आहे, हळू, घरच्यासारखं. आणि हे —

हे खाली बसलेत. यांचा श्वास — मी यांचा हात धरला, तर आता ऊब आहे, देवा, ऊब आहे. पण तोंडातून पाणी — कोरड्या खोलीत, तोंडातून पाणी — अहो. अहो, श्वास कोंडू नका, ऐका माझं, श्वास —

कडीला मी हात लावलेला नाही. तरी ती