दादा, ती तारीख रद्द कर

११ नोव्हेंबर
हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट

प्रिय दादा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहून सुरुवात करणार होते, पण आज भांडायचं आहे आणि तीर्थरूपांशी भांडता येत नाही. तू बरा असशील. वहिनीचा खोकला गेला का? तिला सांग, तिने विणलेला स्वेटर पाठीमागे उशीसारखा घेऊन बसलेय, म्हणून अक्षर जरा सरळ येतंय.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हो दादा’ म्हणते, हे आपलं लहानपणापासून ठरलेलं आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा खुर्ची ओढ, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून वहिनीला हाका मारायच्या नाहीत.

इथलं ठीक आहे. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या झोपेतही कुणाला तरी गप्प बसवत असतात. जेवणाला चव नाही, पण वेळेवर मिळतं. ताप उतरला. पायाचा ठणका थांबला. परवा मी रात्रभर सलग झोपले, चार वर्षांत पहिल्यांदा. चिमणी फोन का उचलत नाही, असं तू विचारलं होतंस. तुझी लेक सुखरूप आहे, काळजी करू नकोस. तिच्याकडे नंतर येते.

आधी आमच्या डॉक्टरीणबाईंबद्दल सांगते. वय असेल चिमणीएवढंच, नाकावरून घसरणारा चष्मा. वॉर्डात सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. ती एकदा राउंड संपवून परत आली आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली. मी वैतागलेलेच होते. म्हटलं, “अहो, स्कूटरवरून पडले, नडगी मोडली, तुम्ही प्लेट घातलीत. इथवर कळलं. पण ती जखम चार वर्षं वाहतेय. एवढी इंजेक्शनं घेतली, प्लेट काढली, तीनदा हाड खरवडलं. माझ्या अंगात रक्त आहे की नुसतं पाणी? त्याला हे जंतू दिसत नाहीत का?”

ती म्हणाली, “रक्त उत्तम आहे तुमचं. जंतू डांबरट आहेत.”

मग तिने माझ्या टॉवेलवर बोटाने रेघा ओढत समजावलं. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात, परकं कुणी दिसलं की गिळून टाकणाऱ्या. हे जंतू काय करतात, तर आपलंच रक्त गोठवून ते अंगाभोवती गुंडाळून घेतात. पहारेकरी येतो, त्याला वाटतं आपलंच माणूस आहे, आणि पुढे जातो. दुसरी लबाडी तर ऐकण्यासारखी आहे. शरीर त्यांना पकडायला प्रतिपिंडं सोडतं. प्रतिपिंडाचं एक टोक जंतूला चिकटतं, दुसरं बाहेर राहतं, आणि त्या बाहेरच्या टोकाला धरून पहारेकरी जंतूला गिळतो. हे महाशय ते बाहेरचं टोकच आधी धरून ठेवतात. म्हणजे प्रतिपिंड उलटं चिकटलं, पहारेकऱ्याला धरायला काही उरलंच नाही.

“आणि प्लेटवर त्यांनी चिकट थर केला होता,” ती म्हणाली. “त्याच्या आत औषध नीट पोचत नाही.”

पोहणं शिकवण्यात जन्म गेलेल्या मला हे सांगायला नको होतं, दादा. आमच्या पोहण्याच्या तलावाच्या फरशीवर बुळबुळीत थर धरतो ना, तसंच. पाण्यात कितीही क्लोरीन घाला, पाणी चकाचक होतं आणि फरशीवर पाय ठेवला की माणूस घसरतोच. तो थर ब्रशने घासूनच काढावा लागतो. मी म्हटलं, “मग घासा की अजून एकदा.”

तिने चष्मा वर सरकवला. “काही जंतू हाडाच्या पेशींच्या आत शिरून झोपलेत. झोपलेल्यांवर औषध चालत नाही, ते वाढणाऱ्यांना मारतं. आम्ही घासतो, वरचे जातात, आतले उठतात. आता घासायला हाड फारसं उरलेलं नाही. आणि या वेळी ते रक्तात उतरले होते. पुढच्या वेळी आम्हाला आवरतीलच, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

त्याच दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. तू त्या मोठ्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली तारीख घेतली होतीस, ते म्हणे अजून एकदा साफ करून बघतील. मी ‘कापणं’ हा शब्द नुसता काढला तर तू ओरडलास, “मी जिवंत असेपर्यंत तुझ्या पायाला हात लावू देणार नाही!”

दादा, तू शंभर वर्षं जग. पण मला तेवढं थांबता येत नव्हतं.

काल उजव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली. खाजवायला हात नेला, तर तिथे चादर सपाट.

झालं. लिहिलं. पाय गुडघ्याखालून काढला, त्याला आज आठवडा झाला. पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबर वाचलंस. ‘नेहमीसारखी जखम धुवायचीय’ असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं होतं.

घरच्या माणसाची सही लागते म्हणाले. ती चिमणीने केली. ट्रेनिंगला जातेय असं तिने तुम्हाला सांगितलं, पण ती कुठेही गेलेली नाही, माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपतेय. पहिलं ड्रेसिंग बघून तिने बाथरूममध्ये जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि परत येऊन माझा हात धरला. “आत्या, बाबांना काय सांगू?” असं रोज विचारायची. मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी सांगते. तेव्हा जे काही ओरडायचं ते माझ्यावर ओरड. तिला एक शब्द बोललास तर मी कुबड्या घेऊन तुझ्या दारात येईन, आणि दोन्ही कुबड्या सागवानी आहेत.

आता तुझा राग. तो मला इथे बसून ऐकू येतोय. एका पायाची बाई, लोक काय म्हणतील, कुणाकुणाला तोंड द्यायचं. लोक काय म्हणतील हे मला चार वर्षांत पुरतं कळलंय, दादा. त्यांतला एकही माझं ड्रेसिंग बदलायला आला नाही. तू आलास. दुसऱ्या ऑपरेशनला तू इथल्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून झोपलास, पाठ धरली तरी हलला नाहीस. म्हणूनच तुला सांगितलं नाही. मला करवतीची भीती नव्हती, तुझ्या रडण्याची होती. तू रडला असतास तर मी ‘हो दादा’ म्हणून ती तारीख घेतली असती, आणि मग त्या तारखेपर्यंत माझं काय झालं असतं ते चष्मेवालीला विचार.

एक बोलते, लागलं तर लागू दे. माझा पाय वाचवायचाय असं तू म्हणत होतास, पण घाबरला होतास तू स्वतः. मला तशी बघणं तुला सोसणार नाही म्हणून. तुझी ती भीती माझ्या काळजीचं पांघरूण घेऊन यायची आणि मी दर वेळी तिला आपलं माणूस समजून आत घ्यायची. आता नाही घेणार.

त्या जंतूंनी माझ्या पहारेकऱ्यांना फसवलं, औषधांना फसवलं, तीन सर्जनांना फसवलं. हुशार आहेत, मान्य. पण घरमालकीण अख्खी खोलीच पाडून टाकेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नसावं. बसा म्हणावं आता बोंबलत.

मी काय घालवलं ते तू मोजत बसशील, म्हणून सांगते. पाय होता तेव्हा मी चार वर्षं पाण्यात उतरले नाही. वाहती जखम घेऊन पोरांच्या तलावात कुणी उतरू नये, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी काठावर खुर्ची टाकून हातात बांबू घेऊन शिकवत होते. दादा, तरंगणं बांबूने शिकवता येत नाही. त्याला पाठीखाली हात लागतो. पोर घाबरून ताठ झालेलं असतं, मग हळूहळू मान सोडतं, कंबर सोडतं, आणि आपण हात केव्हा काढला हे त्याला कळतही नाही. त्यानंतर मॅनेजरने मला तिकीट खिडकीवर बसवलं. काचेमागून पाण्याचा आवाज ऐकत मी तिकिटं फाडत होते, आणि तुम्ही सगळे म्हणत होता, पाय वाचला हे नशीब.

टाके निघाले, कातडी भरली, जखम पूर्ण कोरडी झाली की पाण्यात उतरता येईल, असं चष्मेवाली म्हणाली. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मॅनेजरलाही चिमणीच्या फोनवरून कळवलं. तो चाचरत म्हणाला, “पण बाई, एका पायाने तुम्ही...” मी म्हटलं, तरंगायला पाय लागत नाही. वीस वर्षं मी तेच तर शिकवतेय. तो हसला, मग रडला, मग म्हणाला, खिडकीवर दुसरं माणूस बघतो.

तेव्हा त्या मोठ्या डॉक्टरांना फोन कर आणि तारीख रद्द कर. त्यांना सांग, पेशंट म्हणून दाखवायला आता काही नाही.

तू ये. जरूर ये, मला तू हवा आहेस. दारातून आत आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघायचं, चादरीकडे नंतर. रडायचं असेल तर रड, आता माझं काही अडत नाही. आणि मी पाण्यात उतरेन त्या दिवशी तलावावर यायचं. तू जन्मात कधी पाण्यात पाय घातला नाहीस, म्हणून काठावर उभा राहिलास तरी चालेल. पण त्या दिवशी मला हात द्यायला पुढे यायचं नाही.

वहिनीला आणि तुला नमस्कार.

तुझी अख्खी बहीण