अर्धी पुडी पुरे

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. उतरू का देत नाही ते मात्र डॉक्टरांनाच विचार, माझी पदवी गुडघ्यांपर्यंत पोहोचत नाही. काकांना नमस्कार सांग. मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, घरमालकीण कमी बोलते, आणि जेवणाचं म्हणशील तर त्याबद्दल पुढे येईलच.

तू विचारलंस की काका हल्ली रोज संध्याकाळी आमच्या कारखान्याचा मसाल्याचा पाकीटभात मागतात, तर त्यात सत्त्व किती असतं. मावशी, आहारशास्त्राची पदवी घेऊन मी इथे लागले तेव्हापासून हा प्रश्न विचारणारी तू पहिलीच. (आईने फक्त खुर्ची फिरती आहे का एवढं विचारलं. आहे.) म्हणून सविस्तर सांगते. तांदूळ हा तांदूळच असतो. तो पोट भरतो, ताकद देतो, थोडी प्रथिनंही देतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. पाकिटावरच्या चित्रात वाटाण्यांचा डोंगर आहे, आणि आत जे काही वाटाणे असतात त्यांना मी आता चेहऱ्याने ओळखते. खरी मेख आहे ती आतल्या चकचकीत पुडीत. त्या मसाल्यात मीठ इतकं असतं की एका माणसाने अख्खं पाकीट खाल्लं तर त्याचा दिवसभराचा मिठाचा वाटा जवळजवळ तिथेच संपतो. पण मागचा तक्ता वाचलास तर सगळं कसं सोज्वळ दिसतं, कारण तिथले आकडे एका वाढणीचे आहेत, आणि एका पाकिटात म्हणे तीन वाढण्या असतात.

हे एका पाकिटात भागणारे तीन जण कोण, ते मला बघायचं होतं. म्हणून दुपारच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या हॉलमध्ये जाऊन बसले. तिथल्या सगळ्या बायकांना कारखान्याकडून पाकिटं फुकट मिळतात आणि त्या कॅन्टीनमध्ये गरम करून तीच खातात, माणशी एक, पुडी शेवटच्या कणापर्यंत झटकून. फोर्कलिफ्ट चालवणारे एक दादा आहेत, त्यांना सगळे पैलवान म्हणतात. त्यांच्यापुढे मी तक्त्याप्रमाणे एक वाढणी मोजून ठेवली. त्यांनी ती संपवली, हात पुसले आणि मला फार आदराने विचारलं, "मॅडम, चव बघितली. आता जेवायला कधी वाढणार?"

त्यावर मी तडक साहेबांकडे गेले. मागणी साधी होती. पाकिटाच्या मागे एक ओळ छापावी: अर्धी पुडी पुरे, सोबत डाळ आणि भाजी घ्या. साहेब माणूस वाईट नाही (खोकला आला की खिडकीकडे तोंड करतात). त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कमी मिठाचा भात कोणी खात नाही. मी म्हणाले, नीट शिजवला तर खातात. (हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा केबिनचं दार उघडं होतं, हे लक्षात घे.) साहेबांनी चष्मा काढला. "मग पुढच्या शुक्रवारी तुम्हीच शिजवून घाला. हॉलने ताटं पुसून खाल्लं तर तुमची ओळ छापतो. नाही तर पुन्हा त्या ओळीचं नाव काढायचं नाही."

मी बाहेर येईपर्यंत बातमी माझ्या आधी हॉलमध्ये पोहोचली होती. तिथल्या सगळ्यांत जुन्या बाई म्हणजे आक्का. त्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "काय गं, तुझ्या पदवीत चूल होती का?" मी म्हणाले, उष्मांक होते. "मग शुक्रवारी उष्मांकच वाढ बाई, आम्ही पाकीट फोडत नाही." पैलवानांनी त्या दिवशी सकाळपासून उपाशी राहायचं जाहीर केलं आहे. एकीने तर मला विचारलं की हात धुऊन वाट बघायची की हात जोडून.

मी हसले, पण मावशी, मला हे थट्टेवारी न्यायचं नाही. आक्कांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि ती गोळी त्या याच भाताबरोबर घेतात. जास्तीची पाकिटं या बायका घरी नेतात, मुलांना घालतात, आपण बनवतो ते चांगलंच असणार म्हणून विश्वासाने घालतात. आपल्या घरात मी पहिली पदवीधर. सगळ्यांना वाटतं की त्या पदवीचं काहीतरी मोठं होईल. मला एवढंच हवं आहे की तिची एक ओळ व्हावी, तीही पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथे फारसं कोणी बघत नाही.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप. माझी काळजी करू नकोस, शुक्रवारची तयारी पूर्ण झाली आहे.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
भाची

ता. क. तयारी पूर्ण म्हणजे तांदूळ आला आहे. भातात पाणी किती घालायचं ते उलट टपाली कळव. तुला माहीत आहेच, मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आई म्हणायची, तू जा, अभ्यास कर. मी जायचे आणि करायचे. शिजताना तांदळाच्या दाण्याच्या आत काय काय होतं ते मी तुला पानभर लिहून देईन, पण ते कधी थांबवायचं हे आम्हाला अभ्यासाला नव्हतं. रविवारी खोलीवर करून पाहिला. घरमालकिणीने डोकावून विचारलं की कुठे पोस्टरं लावायची आहेत का. वाया जाऊ नये म्हणून मी त्यानेच माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीला चिकटवलं. फार पक्कं बसलं आहे.

ता. क. २. यातलं अक्षरही आईला सांगू नकोस. ती सगळ्या गल्लीला सांगते की आमची लेक भातावरची अधिकारी आहे. तिला कळलं तर मोठं पातेलं मांडीवर घेऊन ती पहिल्या बसमध्ये बसेल आणि साहेबांना आग्रह करून वाढेल. फोनही करू नकोस. ती तुझ्याकडे येऊन बसली की तुझा फोन नेहमी तिच्याच हातात असतो.

ता. क. ३. काकांचा भात बंद करू नकोस, त्यांना आवडतो. अर्धीच पुडी घाल आणि डाळ वाढ. उरलेल्या अर्ध्या पुड्या मात्र टाकू नकोस, घट्ट बांधून उत्तराबरोबर मला पाठव. कारखान्यातून एक जरी उचलली तरी हॉलभर बोभाटा होईल. (माझ्या स्वतःच्या पाकिटांतल्या उरत नाहीत, का ते विचारू नकोस.) शुक्रवारी मी त्या वापरणार नाही. नुसत्या खिशात असल्या म्हणजे मीठ बेताने घालायला धीर येईल.