निशिकांतच्या गाडीवरची रेघ

तीर्थरूप बाबांना पुंगोलहून साष्टांग नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुमच्या हाताची थरथर कमी झाली का?

ऑफिसातल्या निशिकांतने विलायती गाडी घेतली. रविवारी पूजेला गेलो, तर नारळ फोडायचा सोडून हा दारावरची बारीक सोनेरी रेघ दाखवत बसला. "कारागिराने खारीच्या केसांच्या ब्रशने हाताने ओढलीय. जुनी ब्रिटिश परंपरा!" सगळे वाकून वाकून बघत होते. माझा नुसता जळफळाट झाला.

अशी रेघ तुम्ही भोसरीच्या शेडमध्ये चाळीस वर्षं बुलेटच्या टाक्यांवर ओढलीत, तीही एका दमात! ओठांवर आलं होतं, पण पेंटरचा मुलगा म्हणवायची लाज वाटली.

बाबा, त्या कारागिराचं नाव निशिकांतला पाठ आहे. तुमचं माझ्या तोंडून निघालं नाही.

तुमचा,
सारंग