कुंकवाची रेघ

शुक्रवार, संध्याकाळी सात. उद्यमबागेतला कारखाना.

निपाणीहून आणलेल्या, तापलेलं लोखंड दाबून घडवणाऱ्या जुन्या फोर्जिंग प्रेसची आज पूजा झाली. सकाळी चाचणीचे चार ठोके मारले, सगळे खूश. मग बायकोनं प्रेसच्या फ्रेमवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, आणि त्यातलं कुंकू एका बारीक रेघेत खाली उतरत गेलं. ती म्हणाली, "ओघळ आला वाटतं." ओघळ असा वाकडातिकडा जातो? नव्या रंगाखाली तडा आहे. फ्रेमलाच. खरा जोर बसला की उघडणार.

घेताना आप्पा, आमचे म्हातारे ऑपरेटर, म्हणालेच होते, "मालक, जरा रंग खरवडून बघूया की." विकणाऱ्यासमोर बरं दिसत नाही म्हणून मीच त्यांना थांबवलं. टिळकवाडीचं घर विकून आणलंय हे मशीन. आता बायकोला कुठल्या तोंडानं सांगू?

ती रेघ दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत मी तिच्यावर कुंकवानं माखलेला आख्खा हात उमटवला. का? बोलायचं सोडून हे काय केलं मी?

आप्पांनी माझ्या त्याच हाताच्या ठशावर डोकं टेकलं. म्हणाले, "उद्या कामाचा पहिला ठोका मीच मारणार बघा, मालक."

ठोका मारताना ते उभे राहतात तेही त्याच बाजूला, रेघेसमोर.

आणि मी "व्हय" म्हणालो.