खुर्च्यांच्या बाजूचा कोपरा

खामगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२०

चि. ऋत्विक यास संजीवनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२०, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी माझ्यावर जो अन्याय झाला, त्याला तू जबाबदार आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची विचारपूस तुला मोकळ्या मनाने वाचता येईल. तुझी प्रकृती कशी आहे? चि. सौ. अर्पिताची सर्दी गेली का? तुझ्या आईचे गुडघे आयोवाच्या बर्फात काय म्हणतात? (माझे काय म्हणतात ते पुढे येईलच.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे ज्यांनी मला पाडलं ते सर्व क्षेम आहेत. हे पत्र कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. फोन करणार नाही. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलेल्या बाईने फोनवर बोलणं का सोडलं, ते शांतपणे वाच.

मागच्या दिवाळीत तू मला तासभर समजावून सांगितलंस की तुमच्याकडे राष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवणं वेगळं आणि त्याला काढणं वेगळं. आरोप साध्या बहुमताने ठेवता येतो. काढायला दोन तृतीयांश माणसं लागतात, आणि तेवढी कधी जमत नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्या उत्तरायण ज्येष्ठ नागरिक मंडळाची मी नऊ वर्षं अध्यक्ष, आणि नऊ वर्षांत कुणाला तरी आपण नकोशा होणारच, एवढी समज मला कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिनांनी दिलेली आहे. (त्या स्वतः सगळ्यांना नकोशा होत्या आणि तरी एकवीस वर्षं टिकल्या.) तेव्हा तुझं ते कलम मी मराठी करून मंडळाच्या घटनेत अकरावं म्हणून घातलं. सभासदांनी ते न वाचता मंजूर केलं. त्या दिवशी चिवडा होता.

आता अध्यक्षपद म्हणजे काय, असं तू विचारशील. मंडळाची दरवर्षी प्रकटदिनाला शेगावला बस जाते. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा अध्यक्षांची, आणि बाकी कोण कुठे बसेल ते अध्यक्ष ठरवतात. प्रवास अर्ध्या तासाचा आहे. हसू नकोस. तुमच्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात अणुबॉम्ब असेल, पण सहाव्या रांगेत, मागच्या चाकावर कोणाला बसवायचं हे त्याच्या हातात नाही.

यंदा माझ्याविरुद्ध दोघं उभे राहायला निघाले. एक हिंमतराव, आमचे उपाध्यक्ष, ज्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ऐकायचं नसतं. दुसऱ्या जनकाबाई, दोन वर्षांपूर्वी सभासद झालेल्या, अतिशय गोड बाई. (गोड माणसांपासून जपून राहा, हेही सिस्टर फिलोमिनाच.) माझ्याविरुद्ध कोणी उभं राहायचं यावरून आधी ही दोघंच दोन महिने भांडली. ते म्हणाले, जनकाबाईंना भजनाशिवाय काही येत नाही. त्या म्हणाल्या, हिंमतरावांना भजनही येत नाही. तुमच्याकडे एकाच पक्षाची डझनभर माणसं पक्षाच्या उमेदवारीसाठी एकमेकांचे केस ओढत होती, तेव्हा इकडे मी हाच खेळ फुकटात बघत होते. मतदारांचं म्हणशील, तर त्यांनी संक्रांतीला दोघांकडचा तिळगूळ खाल्ला आणि कोणाच्या गुळात खडा लागला एवढीच चर्चा केली.

माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी एक फोन केला. सोमवारी, २७ जानेवारीला, आमच्या मंडळातल्या शालिग्रामांना. ते मुलीकडे अमडापूरला गेले होते, आणि अमडापूर हे जनकाबाईंचं माहेर. मंडळाचं सभासद व्हायला साठ वर्षं पूर्ण लागतात, आणि मला जनकाबाई साठच्या वाटत नव्हत्या. इतर बाया वय चोरतात; या बाईने प्रवेशासाठी वय वाढवलं असावं, असा माझा रास्त संशय होता. मी शालिग्रामांना एवढंच म्हटलं की शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात त्यांची जन्मतारीख बघून या, आणि शेगावच्या बसमध्ये पुढून दुसरी जागा तुमची. न बघता आलात, तर जागेचं बघू. बोलणं अतिशय सभ्य होतं. शब्द मोजून वापरले होते. बत्तीस वर्षांत मी दुसऱ्यांचे हजारो फोन ऐकले (ते खात्याच्या कामाचा भाग म्हणून), पण इतका नीटनेटका फोन एकही ऐकला नाही.

पण आपल्याकडचे लोक फोन कानाला लावत नाहीत, हे मी विसरले. ते तो भाकरीसारखा तळहातावर धरतात, आवाज पूर्ण वाढवतात आणि त्याच्याशी तोंडासमोर बोलतात. शालिग्राम त्या वेळी अमडापूरच्या भाजीबाजारात उभे होते, आणि शेजारी वांगी तोलून घेत होते पुंजाजी, म्हणजे जनकाबाईंचे सख्खे भाऊ. माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी वांगी खाली ठेवली आणि थेट फोनमध्येच तोंड घातलं. "काऊन हो बाई, आमच्या जनकीचं वय तुमाले कायले पाह्यजे? सोयरीक आनून राह्यले का?" मी फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनवर ऐकणाऱ्या बाईची लाइन एका वांगीवाल्या गिऱ्हाइकाने ऐकावी, याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

झालं. दोन महिने भांडणारे दोघं एका संध्याकाळीत एक झाले, आणि अकराव्या कलमाखाली माझ्यावर आरोप ठेवला: बसच्या जागेचा स्वार्थासाठी वापर. मंगळवारी साडेदहाला सभा. अध्यक्ष धरून एकतीस सभासद हजर. मला काढायला एकवीस हवे होते, आणि एकवीस माणसं आमच्या मंडळात आरतीलासुद्धा एका सुरात येत नाहीत. मी निर्धास्त होते. हिंमतरावांनी आरोपपत्र वाचलं, त्यात 'नैतिक' हा शब्द सहा वेळा आला. मी उत्तर दिलं, त्यात लोकशाही आली. मग मतदारांना विचारलं की कोणाला काही बोलायचं आहे का. मागून राजकुमार वाघमारे उठले (पोस्टातून निवृत्त, बाकी समंजस माणूस) आणि म्हणाले, "ते फोनचं मरू द्या बाई, गाडी मंडळासमोरून सुटन का नाक्यावरून, ते सांगा." सगळ्या सभेत पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. ज्यांच्यासाठी घटना लिहायच्या, ते हे लोक.

आता तुझा भाग. त्याच सकाळी आठ वाजता तुमच्या तिकडच्या उमेदवार निवडायच्या सभेचा तुझा व्हिडिओ आला होता. शाळेचं व्यायामाचं दालन, शंभर-दीडशे माणसं, आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा. चिठ्ठी नाही, हात वर करणं नाही. खाली तू लिहिलं होतंस, 'मावशी, ही खरी लोकशाही.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सभेत जाहीर केलं की हात भित्रे लोक वर करतात, आपण आयोवाच्या पद्धतीने मत देऊ. माझ्या बाजूचे खिडकीकडे उभे राहतील, विरोधातले मागच्या भिंतीकडे. आता मागच्या भिंतीला आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या लावलेल्या असतात, हे तू मला विचारायला हवं होतंस.

पहिल्या मोजणीला माझ्याकडे सतरा, तिकडे चौदा. मी जिंकले होते, ऋत्विक. पण हिंमतराव मोजताना मध्येच विसरतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. तेवढ्यात जनकाबाईंनी आलूबोंड्यांचा डबा उघडला. माझ्या बाजूच्यांकडे बघून त्या इतक्या मायेने म्हणाल्या, "बसा ना बाई, पाय दुखन. मत कायले, पाठ टेकाले या." दुसऱ्या मोजणीला माझ्याकडे तेरा. मी हरकत घेतली आणि तिसरी मोजणी मागितली. ती पूर्ण व्हायला पंचवीस मिनिटं लागली, आणि अकरा वाजून सतरा मिनिटांनी खुर्च्यांच्या बाजूला बरोबर एकवीस माणसं होती. तो एकविसावा कोण, हे मी इथे लिहीत नाही. अशा माणसाचं नाव लिहून चांगला कागद खराब करू नये.

दोनच दिवसांनी बातमी आली की तुमचा तिकडचा अध्यक्ष आरोपातून सुटला. त्याने म्हणे परक्या देशात फोन केला होता, मदत अडवून धरली होती आणि प्रतिस्पर्ध्याची माहिती मागवली होती. मी अमडापूरला केला. तो खुर्चीवर आहे आणि मी नाही, कारण त्याच्या सभागृहात सगळेच बसलेले होते.

तुझंही काही फार चांगलं झालं नाही, ते मला अर्पिताने सांगितलं. आठ महिने तू आपल्या उमेदवारासाठी बायकोशी वाद घातलास, आणि ऐन वेळी तुझ्या कोपऱ्यात सात माणसं. शंभरात पंधरा नसली की कोपरा रद्द, म्हणून तू अकरा पावलं चालून मुकाट्याने बायकोच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलास. ती दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी हसली, यातलं वाईट कुठलं ते तुला कळलं असेलच. वर निकाल दोन दिवसांनीही पुरता लागला नव्हता. आमचे हिंमतराव विसरभोळे असतील, पण अर्ध्या तासात मोजतात.

तेव्हा तू अमेरिकेचा मतदार या नात्याने मला एक पत्र लिहून द्यावंस. त्यात एवढंच असावं, की या पद्धतीत कोपऱ्यात खुर्च्या आणि आलूबोंडे असतील तर मतदान बाद होतं. शक्यतो इंग्रजीत लिही. इथे मराठीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

सर्वांस यथायोग्य आशीर्वाद.

तुझी,
संजीवनीमावशी

ता. क. शालिग्राम रजिस्टर बघून आले. जनकाबाई चौसष्ट वर्षांच्या आहेत. कांतीवरून वाटत नाही.

दुसरा ता. क. आता जनकाबाई माझ्या जन्मतारखेची चौकशी करताहेत, आणि त्यांनी कुठून तरी तुझ्या आईचा नंबर मिळवला आहे. मंडळ स्थापन झालं तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. हे जगात मला आणि ताईलाच माहीत आहे, आणि ताई खोटं बोलत नाही. तिचा फोन महिनाभर तुझ्याकडे ठेव. तेही जमलं नाही, तर निदान तिला तो कानाला लावायला शिकव.

तिसरा ता. क. नवीन अध्यक्षांनी, म्हणजे जनकाबाईंनी, बसची यादी लावली. मी सहाव्या रांगेत आहे. काल त्या स्वतः घरी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमाले पुढची जागा पाह्यजे असन तर सांगा, मी मांगं बसतो." मी नको म्हटलं. सांगू नको कुणाला, पण त्यांनी पुन्हा विचारलं तर मी हो म्हणेन.

शेवटचा ता. क. तिसऱ्या मोजणीच्या वेळी माझा उजवा गुडघा गेला. मी मिनिटभर टेकले, फक्त मिनिटभर, आणि सगळ्यात जवळची खुर्ची त्यांच्या बाजूची होती. हिंमतरावांनी माझ्याकडे बघितलं, बोट माझ्यावरून पुढे नेलं आणि म्हणाले, "एकवीस." खोलीत कोणी हसलं नाही, तेच मला लागलं. जी बाई स्वतःविरुद्ध मत द्यायला नाही, केवळ गुडघ्यासाठी बसली, तिचं मत तुमच्या नियमात धरतात का? बस शनिवारी, १५ तारखेला सकाळी सुटते. लेखी उत्तर शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला, खामगावच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाच्या आत मिळालं पाहिजे.